नाल्यावरचा नाका

बोरखेड्याचा धोंडीबा सुतार बैलगाडीची चाकं करायचा. बेला या बाजारगावापासून दोन कोसांवरच्या या गावात दुसरा सुतार नव्हता, म्हणून तो येशूचा झाला तरी गावाने त्याला टाकलं नाही. टाकून जाणार कुठे? अडला हरी गाढवाचे पाय धरी. चार दिवस लोक तोंड फिरवून गेले, पाचव्या दिवशी पाटलाच्याच गाडीचा आरा मोडला आणि बहिष्काराची भाषा बासनात गुंडाळली गेली.

एक तंटा तेवढा उरला. लाकडी चाकावर लालभडक तापवलेली लोखंडी धाव चढवायची आणि पाणी ओतून ती आवळायची, हे दुपारभराचं काम. धाव बसली की गाडीमालकाने नारळ फोडायचा, ही रीत. धोंडीबा म्हणे, माझ्या अंगणात नारळ फुटणार नाही. मालक म्हणत, मग उद्या गाडी उलटली तर भरून कोण देईल? शेवटी तोड निघाली. धोंडीबाने अंगणात चाकावर हात ठेवून प्रार्थना करायची, आणि मालकाने चाक गडगडत कुंपणाबाहेर नेऊन तिथे नारळ फोडायचा. खोबऱ्याचा तुकडा धोंडीबाची बायको मालनबाई कुंपणावरून हळूच घ्यायची. धोंडीबा तेवढ्यापुरता रंध्याचं पातं तपासत बसायचा.

तो येशूचा झाला त्याला त्याचा उजवा हात कारण. निजामाच्या अमलात, ऐन पंचविशीत, तापलेली धाव दंडावर पडली आणि हात वाळत चालला. वणीकडून आलेल्या एका फिरत्या पास्टराने तेल लावून तीन दिवस उपास-प्रार्थना केली. महिनाभरात हात चालू झाला. तेलाने की प्रार्थनेने, यावर गावात दोन पक्ष होते. धोंडीबाने पैनगंगेत बाप्तिस्मा घेऊन आपला पक्ष जाहीर केला आणि दोन वर्षांत स्वतःच पास्टर झाला. पगार नव्हता. सहा दिवस वाकस-पटाशी, सातव्या दिवशी बायबल.

बोरखेड्यात त्याच्या मंडळीत माणसं पाच, त्यात एक मालनबाई. खरी मंडळी पूर्वेच्या नाल्यापलीकडे, पिंपरडोहाला. तिथे एकोणीस जण होते. मोहाच्या झाडाला त्याने मोडक्या धावेचा तुकडा टांगला होता. रविवारी सकाळी नाला ओलांडून जायचं, हातोड्याने तो वाजवायचा, की लोक जमायचे. पोलीस अॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, माणसं कापसाच्या पऱ्हाटीत लपून बसली होती, त्या रविवारीसुद्धा धाव वाजली. धोंडीबाला मूलबाळ नव्हतं. या एकोणीस माणसांवर त्याचा जीव होता, आणि हे तो लपवतही नसे.

त्यांत एकच काटा, बयनाबाई. ही विधवा वऱ्हाडात एका मिशन दवाखान्यात आया होती, तिथे अक्षरं शिकून आली. कानामागून आली आणि तिखट झाली. धोंडीबाचं बायबलमधलं वचन चुकलं की ती भर उपासनेत दुरुस्त करायची, आणि तिचं बहुतेक वेळा बरोबर असायचं.

छप्पन साली दसऱ्याच्या सुमाराला बेल्याच्या बाजारात पटवारी उत्तमरावांनी बातमी सांगितली. राज्यं नव्याने पाडली होती. राजुरा तालुका मुंबई राज्यात जाणार, आपला भाग आंध्रात. लोक तावातावाने बोलू लागले, की आमी तर मराठी बोलतो, मग आमाले आंध्रात काऊन? धोंडीबाने एवढंच विचारलं, की हद्द कुठून जाते. उत्तमराव म्हणाले, तुमच्या पूर्वेच्या नाल्यावरून.

धोंडीबा तिथेच गार पडला. हद्द म्हणजे काय हे त्याने पाहिलं होतं. पैनगंगेवर निजामाचा करोडगिरीचा नाका होता, पलीकडून येणाऱ्या मालावर जकात घेणारा. धावेसाठी वणीहून आणलेलं लोखंड त्या नाक्यावर धरलं गेलं होतं. त्याचा बाप शिपायापुढे दिवसभर हात जोडून बसला आणि रिकामी गाडी घेऊन घरी आला. बापाचे ते जोडलेले हात धोंडीबा विसरला नव्हता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

घरी येऊन त्याने मालनबाईला सांगितलं, "नाल्यावर आता नाका बसन. राज्य दोन झाले म्हन्जे नाका आलाच."

मालनबाई म्हणाली, पैनगंगेवरचे नाके तर आत्ताच उठवले सरकारने, मग इथे नवा कशाला बसवतील? धोंडीबा म्हणाला, तुला राज्यकारभारातलं काय कळतं. त्यालाही कळत नव्हतं, पण तो घाबरलेला होता. पास्टरच अडकला तर मंडळी विखरेल, या एकाच विचाराने त्याची भाकरी कमी झाली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तो पिंपरडोहाला गेला. वाचता येणारं माणूस तिथे एकच होतं. सगळ्यांसमोर त्याने बयनाबाईच्या कपाळाला तेल लावलं, पास्टर नेमताना ठेवतात तसे डोक्यावर हात ठेवले आणि मंडळी तिच्या हवाली केली. बाईमाणसाच्या डोक्यावर असे हात ठेवायचे ही कल्पनाही त्याला वर्षापूर्वी सोसली नसती. चामड्यात बांधलेलं आपलं एकुलतं एक बायबल दिलं, हातोडाही दिला. लोक रडले. काऊन जाता म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, परमेश्वराची तशी इच्छा आहे. नाक्याचं नाव त्याने काढलं नाही. शिपायाच्या भीतीने पास्टर पळाला, असं कोण सांगेल?

गुरुवारी नवं राज्य लागलं. रविवारी धोंडीबा अंगणात बसून होता. पलीकडून धाव वाजली, अगदी वेळेवर. वाजवणारा हात कच्चा होता, ठोके मागेपुढे पडत होते. तो ऐकत राहिला, मग उठून आत गेला.

मंगळवारी पिंपरडोहाचा एक शेतकरी मोडकं चाक घेऊन आला. धोंडीबाने विचारलं, नाक्यावर काय घेतलं? शेतकऱ्याला प्रश्नच कळेना. नाल्यात गुरं बसली होती म्हणाला, त्यांना हाकलायला वेळ लागला. धोंडीबा तसाच उठला आणि नाल्यापर्यंत चालत गेला. शिपाई नव्हता, अडसर नव्हता. म्हशी अर्ध्या आंध्रात आणि अर्ध्या मुंबई राज्यात बसून रवंथ करत होत्या. आपण आपल्या हाताने काय करून बसलो, हे त्याला तिथे कळलं.

पुढच्या रविवारी तो गेला. मोहाखाली आता बावीस माणसं होती, एक कुटुंब नवं आलं होतं. बयनाबाई अक्षराला बोट लावून सावकाश वाचत होती आणि प्रत्येक वचन दवाखान्यातल्या रोग्यांच्या गोष्टीने समजावत होती. लोक पुढे सरकून ऐकत होते. असे पुढे सरकलेले लोक धोंडीबाने आपल्या उपासनेत कधी पाहिले नव्हते. ते त्याला लागलं.

त्याला पाहताच बयनाबाई थांबली. परमेश्वराच्या इच्छेचं कारण तिला पटलं नव्हतं; तिने विचारलं, "पास्टर, मांगच्या ऐतवारी काऊन आले नाई? नाल्याले तर पूरबी नव्हता."

या मंडळीची रीत अशी, की मनात काही असलं तर उठून सगळ्यांपुढे साक्ष द्यायची. आठ वर्षं धोंडीबा लोकांच्या साक्षी ऐकत आला होता. आज तो स्वतः उभा राहिला.

"मी नाक्याले भेलो," तो म्हणाला. "नाका नव्हता. परमेश्वराचं नाव मी खोटं सांगितलं."

कुणी हसलं नाही. बयनाबाईने बायबल मिटलं आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरलं. आपली खुर्चीही, म्हणजे एका जुन्या चाकाचा तुंबा, मधला लाकडी ठोकळा, तिने रिकामी केली. तो तुंबा त्यानेच घडवलेला होता. सगळे त्याच्याकडे पाहत होते. पुस्तक घेतलं असतं तर एक माणूसही नाही म्हणाला नसता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याचा हात पुढे गेला आणि तिथेच राहिला.

"राहू दे तुझ्यापाशी," तो म्हणाला. "मले हात ठेवता येते, बाई. काढता येत नाई."

तो मागे जाऊन नव्या कुटुंबाशेजारी खाली बसला. हातोडा तेवढा त्याने मागून घेतला. धाव कशी वाजवावी हे तिला येत नाही, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते खरंही होतं.

त्यानंतर बावीस वर्षं तो दर रविवारी सगळ्यांच्या आधी नाला ओलांडायचा, धाव वाजवायचा आणि मागे बसून ऐकायचा. वचन चुकलं तर आता तो दुरुस्त करायचा. अठ्ठ्याहत्तर साली उन्हाळ्यातल्या एका रविवारी धाव वाजली नाही. बयनाबाईने थोडा वेळ वाट पाहिली, मग बायबल मिटलं आणि सगळी मंडळी उठून बोरखेड्याला आली. मालनबाई दारातच बसली होती. तिने विचारलं, इथे पुरायचं की तिथे? बयनाबाई म्हणाली, तिथे, मोहाजवळ.

खाट उचलायला गावातले गाडीमालकही आले, ज्यांचे नारळ आयुष्यभर कुंपणाबाहेर फुटले होते ते. उन्हाने नाला कोरडा होता. धोंडीबाला त्यांनी पलीकडे नेलं, आणि कुणी अडवलं नाही.