रस्त्याकडे तोंड असलेली पडवी

आमच्या कॉलेजचं ग्रंथालय आता तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, पण ती तिच्या मर्जीनं चालते. सकाळी रोह्याहून एसटीनं निघायचं, खोदून ठेवलेल्या हायवेवर कंबरेचे हाल करून घ्यायचे आणि पेणला उतरून हे जिने चढायचे. वर पोचले की मी पंख्याखाली बसते आणि थोडा वेळ कोणाशी बोलत नाही. मुलांना आता ते माहीत आहे, तेवढ्या वेळात कोणी पुस्तक मागायला येत नाही. ग्रंथपाल म्हणून हे माझं शेवटचं वर्ष. थकले आहे, आणि ते लपवायचाही कंटाळा आला आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा या आवारात एकच इमारत होती. त्याआधी कॉलेज भाताच्या एका बंद गिरणीत भरायचं म्हणे, आणि बाकांवर रोज कोंड्याची धूळ असायची. मग गावातल्या मंडळींनी जागा मिळवून कौलारू इमारत बांधली. काळ्या दगडाचं जोतं, जाड भिंती, सागवानी वासे. खाडी जवळ, त्यामुळे भिंतींना खालून खार चढायचा. दर उन्हाळ्यात पोपडे खरवडून चुना मारायला लागायचा. इथल्या गवंड्यांना घरं बांधायची सवय होती. त्यांनी एक मोठं घरच बांधलं आणि घराला असते तशी पुढे लांबच लांब पडवी ठेवली. रोह्याच्या केमिकल कंपन्यांमुळे सायन्सला गर्दी झाली तेव्हा मागे स्लॅबची दुमजली इमारत आली. ती पहिल्या वर्षापासून गळते, तिच्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

ग्रंथालय जुन्या इमारतीत होतं आणि पडवी हाच आमचा वाचनकक्ष. पडवीचं तोंड बाजाराच्या रस्त्याकडे, मध्ये फक्त गुडघाभर उंचीचा दगडी गडगा. तिथे बसून वाचणं सोपं नव्हतं. ट्रकचे हॉर्न, भाजीवाल्यांची ओरड, श्रावणाआधी गणपती भरून निघालेल्या टेम्पोंची रांग. तरी बाक कधी रिकामे नसायचे, आणि त्यावर बहुतेक मुलीच असायच्या. खाडीकाठच्या गावांतल्या, हमरापूरकडच्या.

याचं कारण मला फार उशिरा कळलं, तेही कोणी सांगितलं नाही. बाजाराला आलेला बाप पडवीसमोर आला की टेम्पो जरा हळू करायचा. आई डोक्यावरची पाटी सावरायच्या निमित्तानं थांबायची. पोरगी बाकावर दिसली की पुढे जायचे. हाक नाही, हात करणं नाही. पोरींनाही ते ठाऊक असायचं, पण त्या पुस्तकातून मान वर करायच्या नाहीत. घरी विचारपूस व्हायची नाही, कारण विचारण्यासारखं काही उरलेलंच नसायचं. कॉलेजनं कधी त्या पालकांची सभा घेतली नाही. घ्यायची गरज पडली नाही, पडवी होती.

मूल्यांकन समिती येणार म्हणून नव्या इमारतीचं ठरलं तेव्हा नकाशा घेऊन आलेला तरुण आर्किटेक्ट पडवीवर बोट ठेवून म्हणाला, "ही सगळी वाया गेलेली जागा आहे." मी बैठकीत हे मुलींचं सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं, त्यावरूनच मला कळलं की काही उपयोग नाही. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, आता सगळीकडे सीसीटीव्ही बसवतोय ना." कॅमेऱ्यात दिसणाऱ्या मुली प्राचार्यांच्या केबिनमध्ये दिसणार होत्या, बाजाराच्या रस्त्यावर नाही. हे मी बोलले नाही. मला दुपारची गाडी पकडायची होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कौलं उतरली. जूनमध्ये आले तर तिथे पार्किंग. मागच्या मोकळ्या जागेत निळ्या काचांची उंच इमारत उभी होतीच, मुंबईकडच्या कंपन्यांची असते तशी. काच अशी की आतून बाहेरचं सगळं दिसतं आणि बाहेरून आतलं काहीच नाही. उघडत तर नाहीच.

मुली हळूहळू कमी झाल्या. एक मात्र टिकली होती. हमरापूरची, एस.वाय.ला, केमिस्ट्री घेतलेली. घरी गणपतीचा कारखाना. मूर्तीचे डोळे काढायचं काम, ज्याला आखणी म्हणतात, ते घरात तिच्याकडे. हंगामात रात्रपाळी करून ती सकाळी कॉलेजला यायची आणि तिच्या नखांत काळा रंग असायचा. तिला रोह्याच्या एखाद्या कंपनीत लॅबमध्ये लागायचं होतं. तिच्या मोठ्या बहिणीला बारावीतून काढलं होतं, कारण कोणीतरी बापाला सांगितलं की ती कॉलेजच्या नावाखाली भलतीकडे फिरते. ते खोटं होतं, पण खोटं आहे हे दाखवायला काही नव्हतं. हिच्या वेळी बापानं एकच अट घातली होती. मी येनार, तेव्हा दिसली पायजे.

ग्रंथालय नव्या इमारतीत आल्यावर तिचा बाप पहिल्यांदा आला तेव्हा मी खिडकीशीच होते. समोर टेम्पो उभा करून तो मान वर करून बघत होता, एकेका मजल्यावर. ती माझ्या शेजारी उभी राहून काचेवर थापा मारत होती. त्याला ती दिसली नाही आणि थापाही ऐकू गेल्या नाहीत. लिफ्ट बंद होती. ती जिन्यानं धावत खाली पोचली तोवर तो गेला होता.

त्यानंतर ती आठवडाभर आली नाही. मग एक दिवस गेटवरून निरोप आला की कोणी भेटायला आलंय. खाली उतरून गेले, तर तोच. ओळखपत्र नाही म्हणून वॉचमननं आत सोडलं नव्हतं. अंगावर रंगाचे शिंतोडे, आवाज मात्र अदबीचा.

"बाई, आता पोर हाय का नाय, मला कसं कळनार?"

"तुम्ही आलात की ती खाली येईल," मी म्हटलं.

"खाली आली म्हंजे वर वाचत होती, असं कुठं हाय? कुठनं बी येईल."

"मग फोन करा मला."

"फोनवर कोन काय पन सांगतं." मग जरा ओशाळून म्हणाला, "तुमच्याबद्दल नाय बोललो. तुम्ही पडवीत बसायचाव, तुमाला रोज बघितलाय."

असं ते ठरलं. टेम्पो दिसला की ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहते. मी तिला परत अभ्यासाला बसवते आणि जिने उतरते. गेटपाशी जाऊन उभी राहते. तो माझ्याकडे बघतो, मी मान हलवते, तो टेम्पो सुरू करतो. मग मी पुन्हा वर. दर चढणीला मी त्या आर्किटेक्टला मनातल्या मनात शिव्या घालते. गुडघ्यांचा डॉक्टर म्हणतो, जिने टाळा. मीही त्याला हो म्हणते. एक काच साधी बसवा, असं प्राचार्यांना सांगून बघितलं. बाहेरून सगळं एकसारखं दिसायला हवं, असं उत्तर आलं.

मी मेअखेर निवृत्त होते. माझी जागा भरणार नाहीत, पुस्तकं देण्याघेण्याचं काम ऑफिसातला जो मोकळा असेल तो बघेल. तिचं शेवटचं वर्ष तेव्हा सुरू व्हायचं असेल. परवा तो आला तेव्हा मी मान हलवून तशीच परत फिरले नाही. म्हटलं, सांगून टाकावं.

"मी मेपर्यंतच आहे इथे. पुढे कोणी खाली येणार नाही. पण मुलगी हुशार आहे, तिचं एकच वर्ष राहतंय."

त्यानं स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकून घेतलं. रागावला नाही, उलट काहीतरी अवघड प्रश्न सुटल्यासारखा दिसला.

"व्हय," तो म्हणाला. "मग तिचं पन मेपर्यंतच धरा."

त्यानं टेम्पो सुरू केला. मी वर आले. मध्ये दोनदा थांबले. ती खिडकीशेजारच्या टेबलावर गणितं सोडवत होती.

"गेले बाबा?" तिनं विचारलं.

"गेले."

तो कधीच काही बोलत नाही, म्हणून काय म्हणाले असं तिनं विचारलं नाही. पान उलटून पुढचं गणित घेतलं.