खिडकीपर्यंतचा पाइप

रत्नागिरीच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात मी नळ घ्यायला गेले होते. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी काकींनी पिशवीतून सुंभाचं वेटोळं काढलं. सिलिंडरपासून शेगडीपर्यंतचं अंतर त्यांनी सुंभानं मापून आणलं होतं.

"एवढ्या लांब रबरी पाइप चालणार नाही, तांब्याचा लागेल," दुकानदार म्हणाला. "त्यापेक्षा शेगडी सिलिंडरजवळच ठेवा ना, काकी."

नवं लुगडं पारखावं तसा काकींनी तांब्याच्या पाइपवरून हात फिरवला.

"तांब्याचा तर तांब्याचा. जन्मभर भिंतीकडे तोंड करून भाकऱ्या भाजल्या. आता शेगडी खिडकीशी. वायच माणसं दिसूंदेत!"

दुकानदार हसत पाइप मापू लागला.

घरी येऊन मी आमच्या शेगडीपुढे उभी राहिले. समोर भिंत होती. नळ पिशवीतच ठेवून मी सुंभ शोधायला लागले.