बेटावरचा बैल

आमचं बेट म्हणजे भोर भागातल्या एका धरणात बुडता बुडता वाचलेलं टेकडीचं डोकं. पावसाळ्यात पाणी चढलं की टेकडी चहूबाजूंनी तुटायची आणि चैत्रात पाणी उतरलं की पुन्हा काठाला जोडली जायची. माथ्यावर भूकंप मोजण्याचं यंत्र पुरलेली एक खोली होती. त्या यंत्राचे कान इतके तिखट, की दारात कोणी पाय आपटला तरी पडद्यावरची रेघ थरथरायची. ते सांभाळायला मी होते, मला ने-आण करायला एक नावाडी होता आणि आमच्या डोक्यावर पुण्यात बसलेले साहेब.

त्या साली आमच्या सोबतीला एक बैल होता. काठावरच्या गावातल्या एका म्हाताऱ्यानं तो उन्हाळ्यात टेकडीवर चरायला सोडला होता. पाणी एकाएकी चढलं आणि तो तिथंच अडकला. म्हातारा काही घाबरला नाही, कारण गवत भरपूर होतं. अधूनमधून तो आमच्या होडीतून यायचा, बैलाच्या मानेखाली खाजवत बसायचा आणि जाताना मला म्हणायचा, "ताई, लक्ष ऱ्हाऊ द्या."

संक्रांतीच्या सुमारास रेघेवर रोज सकाळ-संध्याकाळ बारीक हादरे दिसू लागले. साहेबांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मला एका शब्दानं न विचारता त्यांनी ते हादरे वरिष्ठांच्या बैठकीत मिरवले. मग स्वतः बघायला आले, तर बैल खोलीच्या कोपऱ्याला पाठ घासत उभा. मला हसू आवरलं नाही. नावाडी तर पोट धरून खाली बसला. साहेबांचा चेहरा मात्र पडला. "या आठवड्यात हा बेटावरून गेला पाहिजे," ते म्हणाले.

म्हाताऱ्याला बोलावणं गेलं. तो हात जोडून म्हणाला, "सायेब, दोन म्हयनं थांबा. पानी उतरलं की त्यो आपल्या पायानं घरी येतोय."

"बैलाच्या सोयीनं काम चालवायचं का आता आम्ही?" साहेब म्हणाले आणि कापूरहोळच्या ढाब्यावर जेवायला उशीर होतोय म्हणून निघून गेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक उताविळीची, आणि शिक्षा बैलाला!

होडीत बैल मावणार नव्हता, पोहतच न्यावा लागणार होता. म्हातारा म्हणाला, "त्याला कुनी मारून हाकलू नगा. म्या पल्याडनं हाक मारतो, त्यो येतोय." कुठं उभं राहायचं तेही त्यानंच ठरवलं. टेकडीवरून गावाकडं जाणारी जुनी गाडीवाट पाण्यातून बाहेर निघत होती, तिथं. "वासरू व्हता तवापासनं ह्याच वाटंनं घरी आलाय. दुसरीकडनं बुजंल." आम्हा कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. पाणी नुकतंच ओसरल्यानं त्या वाटेवर गाळ उघडा पडला होता. वरून तो वाळून चांगला टणक दिसत होता.

"ये रं, ये माज्या लेकरा!" म्हाताऱ्यानं हाक दिली. बैलानं कान टवकारले आणि तो आपणहून पाण्यात शिरला. मी आणि नावाडी होडीतून मागोमाग निघालो. काय सुरेख पोहत होता! मी ओरडून ओरडून त्याला शाबासकी देत होते. काठ जवळ आला, त्याचे पाय टेकले, तो पुढं झेपावला आणि पोटापर्यंत गाळात गेला.

म्हातारा जीव तोडून हाका मारू लागला. प्रत्येक हाकेला बैल जोर लावायचा आणि जोर लावला की आणखी खाली जायचा. गावातली माणसं दोर आणि फळ्या घेऊन धावली, पण मांडीपर्यंत रुतून मागं फिरली. शिंगांना दोर लावून ओढलं, तर मान मोडायची वेळ आली. कोणीतरी ट्रॅक्टर आणायला पळालं. मी होडीतून किंचाळले, "बाबा, हाका मारू नका! तुमच्याकडं यायला धडपडतोय तो!"

म्हातारा गप्प झाला. पण बैल त्याच्याकडं बघून झेपावतच राहिला. "तुमी त्याला दिसताय, तितनं जावा," नावाडी होडीतून ओरडला. तेव्हा म्हातारा एका बांधाआड जाऊन बसला.

ट्रॅक्टर आला, पण त्याला पाण्यापर्यंत उतरता येईना. तेवढ्यात साहेबांचा फोन आला, "बेट मोकळं झालं का?" मी "झालं" म्हटलं आणि फोन बंद केला. काठावर उतरून मी म्हाताऱ्याजवळ जाऊन बसले. ऊन कलतं झालं तेव्हा गाळ बैलाच्या मानेला लागला होता. तो हंबरायचा, थांबायचा आणि बांधाच्या दिशेनं कान वळवून वाट बघायचा.

"ताई, आता तरी ओ देऊ का?"

माणसं अजून फळ्या टाकत होती. मी म्हटलं, "नको, बाबा." त्यानं डोक्यावरचं मुंडासं सोडून तोंडात कोंबलं.

दिवस मावळायच्या आत हंबरणं बंद झालं. मग म्हातारा उठला, गाळाच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि मोठ्यानं हाका मारू लागला.