मागची सीट आडवी असताना

आमच्या वहिनीला घरात सगळे भोंगा म्हणतात. नाव मी ठेवलं. तिच्या तोंडावर ते घ्यायची हिंमतही माझीच, कारण धाकट्या दिराला थोडी सूट असते. रुग्णालयाच्या चादरी लाँड्रीतून नेऊन पोचवायचं काम ती करते, स्वतःच्या बॅटरीवरच्या गाडीतून. गाडी चालवताना सिग्नलशी बोलते, पुढच्या ट्रकशी बोलते, कुणी नसेल तर स्टेअरिंगला रागावते.

दादाची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, किडनी बिघडली तेव्हा तिने चादरींच्या गठ्ठ्यांपुढे एक सीट बसवून घेतली. पाठ मागे पाडली की आडवी होणारी. जाताना दादाला डायलिसिसला सोडायचं, येताना घेऊन यायचं. पण परतीच्या घाटात बॅटरी मान टाकायची. एकदा चार्जिंगच्या रांगेत ताटकळताना दादाला उलट्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी माझ्या गॅरेजच्या दारात उभी.

"भाऊजी, या गाडीला एक छोटं इंजिन बसवा," ती म्हणाली. "चाकं फिरवायला नको. चालता चालता नुसती बॅटरी भरायला."

मी हसलो. असलं काहीतरी मोठ्या कंपन्यांनी कधीच केलंय, त्याला रेंज एक्स्टेंडर म्हणतात, असं ऐकवलं. ती म्हणाली, त्यांनी केलं असेल, आपल्या गाडीत कुठाय? मग एका दुकानाच्या जनरेटरचं जुनं इंजिन मी मागे पेटीत बसवलं. घाटाचा प्रश्न सुटला. पण इंजिन सुरू झालं की आडव्या पडलेल्या दादाची बोटं सीटची कड घट्ट धरायची. वहिनीला ते आरशात दिसायचं, तिला वाटायचं त्याची झोप मोडतेय. दादा कधी बोलला नाही, तो बोलणाऱ्यातला नाहीच. घरातलं सगळं बोलणं एकीकडेच गेलंय.

त्यानंतर तिने माझ्या नाकी नऊ आणले. इंजिन कधी सुरू व्हावं? टायरचा आवाज वाढला की, म्हणजे त्यात ते लपेल. बंद कधी? गाडी हळू व्हायच्या आधी. पण मग गावातल्या हळू रस्त्यावर बॅटरी भरणार कशी? त्यावर तिने जे काढलं ते मात्र मी कुठेच पाहिलं नव्हतं. सीटच्या बिजागरीपाशी तिने एक बटण बसवायला लावलं, फ्रिजच्या दारात असतं तसलं. सीट सरळ असेल तर इंजिन हवं तेव्हा सुरू. आडवी असेल तर टायरचा आवाज वाढेल अशा रस्त्याची वाट बघायची.

याचं पेटंट घ्यायचं तिने मनावर घेतलं आणि एक वकीलबाई शोधली. बाई हुशार आणि सरळ. यात नवं काय, याचे तिने अर्जात सात दावे लिहिले: इंजिन, चार्जिंग, वेग असे मोठे आधी, आणि सीटचं बटण सर्वांत शेवटी. पेटंट कार्यालयाचा आक्षेप आला. पहिले सहा कुणी ना कुणी आधीच मांडले होते. सातव्याबद्दल विचारलं होतं, यातून नेमकं साधतं काय?

मी म्हटलं, वहिनी, सोड. फ्रिजचं बटण कोण विकत घेणार? तिने माझी अशी हजेरी घेतली की गॅरेजमधलं गिऱ्हाईक निघून गेलं. मग वकीलबाईकडे वळली. "सहा खोडून टाका. ते माझे नव्हतेच. सातवा माझा आहे, तो मी सोडणार नाही. कुणी घेवो न घेवो, हे मी केलं असं कागदावर आलं पाहिजे."

उत्तराबरोबर दादाचं प्रतिज्ञापत्र जोडायचं ठरलं. बाई मजकूर घेऊन घरी आली: परतीच्या प्रवासात मी झोपलेला असे आणि इंजिन सुरू झाल्याने माझी झोप कधी मोडली नाही. दादाने चष्मा लावून वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"यावर मी सही करणार नाही. मी कधी झोपलोच नाही."

वहिनीचा चेहरा उतरला. तुमची झोप मोडू नये म्हणून मी परतीच्या अख्ख्या वाटेवर तोंडाला कुलूप लावलं, ती म्हणाली, मी, आणि तुम्ही जागे? तिच्यासाठी हे इंजिनापेक्षा कठीण काम होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"माझे डोळे उघडे दिसले की तू रस्ता सोडून आरशात बघायचीस," दादा म्हणाला. "घाटात. मिटले की पुढे बघायचीस."

मला वाटलं, संपलं, दावा बुडाला. वकीलबाईनेही कागद आवरायला घेतले. वहिनीने मनगटाने डोळे पुसले, नाक ओढलं आणि दादाच्या समोर येऊन बसली.

"जागे होतात ना? मग इंजिन सुरू झालेलं ऐकू यायचं का?"

दादाने विचार केला. आधी यायचं, तो म्हणाला. बटण बसवल्यापासून नाही. पडल्या पडल्या तो मुद्दाम कान देऊन राहायचा, पैज लावल्यासारखा. घरी उतरताना बॅटरीचा काटा बघायचा तर भरलेला. केव्हा भरली, एकदाही पत्ता लागला नाही.

वहिनी बाईकडे वळली. "झोप खोडा. जागा होता असं लिहा."

बाई हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. झोपलेला माणूस कशातही झोपतो, ती म्हणाली, कान लावून बसलेल्याला ऐकू आलं नाही हे जास्त वजनदार. दादाने सही केली. आक्षेप मागे घेतला गेला आणि पेटंट मिळालं. दावा एकच, नाव एकटीचं. कागद मी गॅरेजमध्ये लावू का विचारलं, तर म्हणाली, हात धुऊन या आधी.

परवा मीही त्यांच्याबरोबर आलो. दादा सीट आडवी करून पडला, डोळे सताड उघडे. वहिनी रुग्णालयाच्या फाटकापासून जी सुरू झाली ती थेट घरापर्यंत, आणि नजर सगळा वेळ रस्त्यावर. दादा मधूनमधून हुंकार देत होता, त्यावरून तिला तो जागा असल्याचं कळत होतं. घाट गेला, गाव आलं. उतरताना मी काटा पाहिला, भरलेला होता. इंजिन केव्हा सुरू झालं, ते आमच्यापैकी कुणालाच ऐकू आलं नव्हतं.