आर्डिथसाठी मांडलेले दगड

आर्डिथ टोलेफसन आमच्या तळावर कुणालाच आवडत नसे, आणि तिच्याशिवाय कुणाचं पानही हलत नसे. नॉर्थ डकोटात एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. रिटायर झाली, नवरा गेला, तसं घर विकून तिने चाकांवरचं घर घेतलं आणि दर हिवाळ्यात ॲरिझोनाच्या या वाळवंटात येऊ लागली. आम्ही सगळेच तसले. नोव्हेंबरात बर्फाला कंटाळून येतो, एप्रिलमध्ये उन्हाला घाबरून पळतो. जमीन सरकारची, हंगामाचा परवाना काचेवर चिकटवायचा आणि वाटेल तिथे गाडी लावायची.

या 'वाटेल तिथे'वर आर्डिथचं डोकं फिरायचं. नवीन माणूस आला की हमखास कोरड्या ओढ्याच्या पात्रात गाडी उभी करणार, कारण तिथली वाळू गुळगुळीत. आर्डिथ काठीने त्याचं दार ठोकायची.

"जमीन सपाट आहे म्हणून लावलीस ना गाडी? मग ती सपाट कुणी केली? तुझ्या बापाने? पाण्याने केली. आणि ते पाणी परत येतं."

लोक हसून दार लावून घेत. त्यातल्या एकाची गाडी दोन वर्षांपूर्वी पाऊण मैल खाली, झाडात अडकलेली सापडली. 'सांगितलं होतं' असं आर्डिथ त्याला त्या दिवशी म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली.

तिची स्वतःची जागा आमच्यापासून मैलभर लांब होती, एका खडकाळ उंचवट्यावर. पहिल्या वर्षी ती निवडायला तिने तीन दिवस घेतले. घडीची खुर्ची घेऊन हिंडायची, प्रत्येक ठिकाणी एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी बसून बघायची. वारा कुठून येतो, ऊन किती वाजता लागतं, दुसऱ्यांच्या जनरेटरची घरघर ऐकू येते का. "घर नवऱ्याने पसंत केलं," ती मला म्हणाली होती, "नोकरी गावाने दिली. ही जागा तेवढी माझ्या पसंतीची." रोज सकाळी तिथवर चालत जाऊन तिची कडू कॉफी पिणारी आणि शिव्या खाणारी मी एकटीच. मी ग्लेंडा. वय चौसष्ट, पण तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, म्हणून 'पोरी'.

उन्हाळ्यात आर्डिथ मुलाकडे राहायची. गेल्या ऑगस्टमध्ये तिथल्या अंगणात तिला चक्कर आली आणि डाव्या हाताची दोन बोटं बधिर झाली. तिचा मुलगा क्रेग हटून बसला. जायचंच असेल तर युमा शहरातल्या ट्रेलर पार्कमध्ये राहा, म्हणाला. वीज, नळ, हॉस्पिटल, सगळं हाताशी. मी बघितलंय ते पार्क. खिडकी उघडली की शेजाऱ्याच्या ताटात हात जातो. आर्डिथ म्हणाली, एक तर माझी जागा, नाहीतर काही नाही.

ऑक्टोबरमध्ये क्रेगने मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

खोटं कशाला बोलू? त्या उंचवट्यावर फोन लागत नाही, रस्ता दीड मैल लांब. मी म्हणाले, "इकडे नका सोडू तिला." आणि हे तिला कळू देऊ नका, असंही म्हणाले. याला मी तेव्हा काळजी म्हणत होते.

आमच्याकडे फोन लागतो तो फक्त टेकाडावर. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी तिथे उभी असताना क्रेगचा फोन आला. आवाज तुटत होता. "ग्लेंडा, आई गेली," तो म्हणाला. "आज पहाटे... आम्ही झोपेत..." आणि लाइन कट झाली.

मी परत फोन लावला नाही. मला रडता येत होतं, क्रेगशी बोलता येत नव्हतं. म्हातारीचा शेवटचा हिवाळा मीच हिरावून घेतला, हे त्याच्या तोंडून ऐकायची माझी छाती नव्हती. चार दिवस टेकाडाकडे मी फिरकलेच नाही.

आमच्यातलं कुणी गेलं की त्या हिवाळ्यात आम्ही त्याच्या गाडीच्या मापाची दगडांची चौकट मांडतो. वर्षभर तिथे कुणी गाडी लावत नाही. आर्डिथची चौकट आम्ही तळाच्या मधोमध मांडली, येताजाता सगळ्यांना दिसेल अशी. दगड पांढरे रंगवले. मर्लने, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात जुन्या माणसाने, फळीवर तिचं नाव कोरलं. बटाटा-खिम्याची हॉटडिश करून सगळे जेवलो, आणि ज्यांच्या दारावर तिने काठी आपटली होती तेसुद्धा तिच्याबद्दल गोड गोड बोलले.

पाचव्या दिवशी दुपारी आर्डिथची गाडी धूळ उडवत आली आणि चौकटीपाशी थांबली.

मर्लच्या हातातला कप पडला. आर्डिथ काठी टेकत उतरली, तिने फळी वाचली, दगडांभोवती पूर्ण एक फेरी मारली. मग कडाडली.

"कुणाचं डोकं हे?"

सगळे आपसात कुजबुजू लागले.

"मेलेली बाई कानाने पण मेली, असं वाटलं काय? कुणाचं डोकं?"

"आर्डिथ, अगं, क्रेग म्हणाला तू गेलीस—" मी म्हणाले.

"गेलेच होते! पहाटे चावी घेतली आणि गेले! अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला घरातून गुपचूप पळावं लागलं, सोळा वर्षांच्या पोरीसारखं." तिने एका दगडाला काठी मारली. "आणि इथे? मधोमध? जिवंतपणी मला या घोळक्यात आणता आलं नाही, म्हणून मेल्यावर आणलंत? माझी जागा तुला माहीत नव्हती, पोरी?"

"माहीत होती."

"मग?"

"लांब पडली असती. कोण जाणार होतं रोज तिथवर?"

हे बोलले आणि जीभ चावली. आर्डिथने काठी आणखी एका दगडावर आपटली. मलाही राग आला, कबूल करते. पाच दिवस रडून माझे डोळे सुजलेले, आणि ही बाई समोर उभी राहून मलाच फाडून खातेय.

"ओरडू नकोस माझ्यावर!" मीही ओरडले. "न सांगता पळालीस तू, आणि चोर आम्ही? मुलाच्या तोंडचं पाणी पळालं असेल तिकडे!"

"मग लाव फोन त्याला. आत्ता. माझ्यासमोर."

टेकाडावर पोचायला अर्धा तास लागला. तिने माझा हात धरू दिला नाही. वर जाताच माझा फोन वाजतच राहिला. क्रेगचे अकरा निरोप एकदम आले. 'आई तिकडे पोचली का?' पाच दिवसांत अकरा वेळा. आर्डिथने ते माझ्या खांद्यावरून वाचले.

मी स्पीकर लावला.

"आहे का ती?" क्रेग किंचाळला. "देवा! चाव्या काढून घ्या तिच्या! मी निघतो, तिला युमाला नेतो. तुम्हीच म्हणाला होता ना ऑक्टोबरमध्ये, सोडू नका म्हणून? तुमचं ऐकलं असतं तर—"

पुढचं मी ऐकलं नाही. आर्डिथचा चेहरा बघत होते. तिचा राग मी सोळा हिवाळे बघितलाय. आत्ता तो तिच्या चेहऱ्यावर नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली. तिने माझ्या हातातून फोन घेतला.

"क्रेग, युमा नाही. मी माझ्या जागी राहणार, आणि रोज दुपारी इथवर चढून तुला फोन करणार. फोन आला नाही तर पोलिसांना सांग, रेंजरला सांग. हिला विचारू नकोस."

"पण आई, ग्लेंडा तुझी मैत्रीण—"

"मी मेले असं हिला कळलं," आर्डिथ म्हणाली, "आणि कशाने मेले, एवढंसुद्धा हिने विचारलं नाही."

फोन माझ्या हातात ठेवून ती एकटी टेकाड उतरू लागली. मी मागून हाका मारत होते. कारण सांगत होते, माफी मागत होते, शिव्याही देत होते. खाली जाऊन तिने इंजिन चालू केलं आणि गाडी उंचवट्याकडे नेली.