पहिला झुरका मी दिला

गारखेड्यात आमच्या दोन खोल्या होत्या. आबा, आमचे वडील, एका कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर. ते घरी आले की काही ना काही निमित्त निघायचं आणि कमरेचा पट्टा सुटायचा. मी सतरा वर्षांचा, धाकटा भाऊ तेराचा.

एका दुपारी धाकटा गणितात नापास झाला म्हणून आबांनी त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. कानामागून रक्त आलं. मी त्याला ओढत मैदानाच्या कंपाउंडमागं नेलं. तिथं माझे दोस्त गांजा ओढत बसायचे, मीही त्यांच्यातलाच. त्याचे हुंदके थांबेनात. मला दुसरं काही सुचलं नाही. दोस्ताच्या हातातली गांजाची सिगारेट घेऊन त्याच्या ओठाला लावली. तो खोकला, मग हळूहळू शांत झाला. मला तेव्हा बरं वाटलं, हे लपवत नाही.

पुढं मला वाळूजला काम लागलं, तिथंच खोली घेतली. दोस्त सुटले, गांजाही सुटला. तो मात्र त्याच घरात राहिला. तो दहावीत असताना मायनं सांगितलं, की पोरगं शाळेत जात नाही, डोळे लाल करून येतं. मी सुट्टी काढून गेलो, त्याचं दप्तर उलटं केलं. पुडी निघाली. दारामागं बॅट होती.

पाठीवर मारलं, मांड्यांवर मारलं. त्यानं हात आडवा घातला तेव्हा मनगट मोडल्याचा आवाज आला. त्यानंतरही मी एक मारलीच.

तो रडला नाही. म्हणाला, "भाऊ, पहिल्यांदा तूच दिली व्हतीस."

मायनं बॅट हिसकावली आणि माझ्याच खांद्यावर हाणली.

दवाखान्यात तो जिन्यावरून पडलो म्हणाला. मी डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. गांजा किती ओढतो, हे त्यांनी नंतर विचारलं. आधी विचारलं, घरात मारतं कोण, आणि कधीपासून.

त्याला माझ्या खोलीवर आणलं, परत आबांकडं नेलं नाही. आबा तिथं आले, त्याला नशेडी म्हणत पट्टा काढला. मी त्यांचा हात पिरगाळून त्यांना बाहेर ढकललं. तीन वर्षं झाली. मधे दोनदा त्यानं पुन्हा गांजा ओढला, दोन्ही वेळा स्वतःहून सांगितलं. आता मोटार रिवाइंडिंगचं, जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं काम शिकतोय. पण मी नुसता पंखा लावायला हात वर केला, तरी तो झटकन मान आत ओढतो.