सतरंजीच्या बाहेर

"सतरंजीवर पाय ठेवू नको," काकू म्हणाल्या. "बाहेर उभी राहा. पण तोंड हसरं ठेव."

मी हसले. सतरा वर्षांची होते, मॅट्रिक झाले होते, आणि हसले. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

बोर्ली पंचतनजवळ आमचं गाव. समुद्राकडे नारळ-सुपारीच्या वाड्या, वाडीवाल्यांची घरं, आणि ओढ्यापलीकडे आम्ही. आम्ही म्हणजे महार. बौद्ध होऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण गावानं ते कानावर घेतलं नव्हतं. वडील मी लहान असतानाच तापानं गेले. आई भाऊंच्या वाडीत पडलेल्या झावळ्या गोळा करून छपरावर घालायचे झाप विणायची. भाऊ वाडीचे मालक आणि आमच्या हायस्कूलच्या कमिटीचे अध्यक्षही. काकू त्यांची बायको.

अमेरिकेत एका कुटुंबात वर्षभर राहून शिकायचं, अशी एक योजना होती. जिल्ह्यातून माझी निवड झाली. तिकडच्या घराला आधी आपल्या कुटुंबाचा फोटो पाठवायचा होता. हेडमास्तर भाऊंकडे गेले. भाऊ म्हणाले, हिच्या खोपटाचा फोटो गेला तर गावाची अब्रू काय राहील? फोटो आमच्या अंगणात निघेल. नाही म्हणाली तर शिफारशीवर माझी सही नाही.

श्रीवर्धनहून फोटोग्राफर आला. भाऊ, काकू आणि त्यांची दोन मुलं सतरंजीवर बसली. काकूंनी मला आपलं एक जुनं रेशमी पातळ लांबून टाकलं. नंतर ते परत मागितलं नाही. मुलगी म्हणून मी चालत होते, शिवायला चालत नव्हते. आईला कुंपणामागे उभं केलं, चुकून फोटोत येऊ नये म्हणून.

घरी जाताना मी रडायला लागले तर आई म्हणाली, "फोटूत कोन का असंना. बोटीत तू हायस ना?"

मुंबईहून बोट सुटली. रोज मी घोकायचे: वडील बागाईतदार, आई गृहिणी, दोन भाऊ. पहिल्या दिवशी जेवायला गेले तर पाय दाराशीच थांबले. ऊठ म्हणणारं तिथं कुणी नव्हतं, तरी बसायला भीती वाटली. एवढं करून ठेवलं होतं आम्हाला. मग बसले. पोटभर जेवले. त्यानंतर रोज बसले.

अमेरिकेतलं ते घर मक्याच्या शेतात होतं. फोटो भिंतीवर आधीच लागलेला. घरच्या बाईनं दुसऱ्याच सकाळी त्याच्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "सगळे सतरंजीवर आहेत. तू एकटीच बाहेर का?"

एवढा साधा प्रश्न. भाऊंना दिसलं नव्हतं, हेडमास्तरांना नाही, फोटोग्राफरला नाही. दिसणार कसं? त्यांच्या डोळ्यांना माझी तीच जागा होती. खोटं कुटुंब मांडायला बसले आणि विटाळ पाळायला विसरले नाहीत.

लाजते मी, असं सांगता आलं असतं. तोंडावर आलंही होतं. तेवढ्यात कुंपणामागची आई आठवली आणि मला माझी किळस आली.

"ती माझी आई नाही," मी फोटोतल्या काकूंवर बोट ठेवून म्हणाले. "माझ्या आईला फोटोत उभं राहू दिलं नाही."

मग सगळं सांगितलं. बाई जवळ घेईल असं वाटलं होतं. ती लालेलाल झाली. खोटं बोलून माझ्या घरात शिरलीस, म्हणाली. ते खरंच होतं. पण पुढं म्हणाली, रविवारी चर्चमध्ये तुझं भाषण आहे, तिथं हे काढू नकोस. देवळांचं सांग, समुद्राचं सांग. लोक हौसेनं येणार आहेत.

म्हणजे भाऊ इथंही होते. फक्त गोरे होते.

रविवारी मी फोटो हातात धरून उभी राहिले. म्हटलं, यात माझं कुणी नाही. माझी आई झाप विणते, आणि ज्या घरावर तो झाप चढतो त्या घरात तिला पाऊल टाकता येत नाही. मोडकंतोडकं इंग्रजी, पण कळलं सगळ्यांना. टाळी एकही पडली नाही. बाई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

बातमी योजनेच्या मुंबईतल्या माणसांकडून भाऊंपर्यंत गेली. त्यांनी आईचं काम बंद केलं. हेडमास्तरांचं पाकीट आलं. आत माफीनामा, त्यांनीच लिहिलेला: मी गावाची खोटी बदनामी केली. खाली सहीपुरती जागा. सोबत चिठ्ठी: सही कर, नाहीतर वर्ष अर्ध्यावर टाकून परत यावं लागेल. हायस्कुलात पाचवीपासून याच अक्षरानं मला शाबासकी मिळायची.

दोन दिवस कागद समोर ठेवला. आईच्या चुलीची काळजी होती. वर्ष बुडण्याचीही होती. पण सही केली असती तर आईला कुंपणामागे मी स्वतः ढकललं असतं.

माफीनामा उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं:

परत बोलावत असाल तर बोलवा. मी येते. आधी आईकडे जाईन, मग तिला घेऊन चावडीवर. इथं सांगितलं ते इंग्रजीत सांगितलं. तुमच्या तोंडावर मराठीत सांगायचं अजून बाकी आहे.